आण्णांची दोन बोटं

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे, आणि या एका बाबतीत माझ्या सासर-माहेरचं एकमत आहे. रागाच्या भरात मी काय बोलून जाईन याचा मलाच भरवसा नसतो. पण आजवर माझ्या तोंडामुळं फार तर भांडणं झाली होती, कुणाचं लग्न मोडायची पाळी आली नव्हती. ती गेल्या उन्हाळ्यात आली, आणि लग्न होतं माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं.

मी बारामतीत राहते. एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात, येणारं दूध तपासायच्या विभागात कामाला आहे. दुधात पाणी घातलंय की नाही हे मी यंत्राच्या आधी नाकानं ओळखते, अशी तिथले लोक थट्टा करतात. माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याला लागून. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते पूर्वी मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत. मी कॉलेजात असताना त्यांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. आता ऊस, चार गाई आणि पाण्यातली मोटार, एवढाच त्यांचा संसार.

धाकटी माझ्याकडंच राहून एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात जाते. तिथंच तिला लोणी भापकरचा एक मुलगा आवडला. मुलगा आमच्यातलाच, पूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोघांनी आपसात सगळं पक्कं केलं आणि मग अशा काही युक्तीनं हालचाली केल्या की स्थळ माझ्या मामांच्या मार्फत रीतसर चालून आलं. मामांना अजून वाटतं, हे स्थळ त्यांनीच हुडकलं. वाटू दे बिचाऱ्यांना.

पाहुणे आमच्याकडं आले तो दिवस छान गेला. मुलाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत होते, ऐंशीच्या घरातले, पण अजून पाठीचा कणा ताठ. त्यांचाच शब्द त्या घरात चालतो, हे दहा मिनिटांत कळलं. त्यांनी धाकटीला दोन प्रश्न विचारले, तिची उत्तरं ऐकून हसले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय." पंगत बसली. आण्णा आबांच्या शेजारी बसले, आणि तिथं आबांची नजर त्यांच्या हातावर गेली.

आण्णांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं वळलेलं आहे. ओढूनसुद्धा सरळ होत नाही. दहाएक वर्षांत हळूहळू वाकत गेलं ते. आम्ही कधी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर: लोकर कातरायची जड लोखंडी कातर आयुष्यभर धरली, हात आखडला. आज्यालाही, म्हणजे आण्णांच्या वडिलांनाही, तसंच झालं होतं म्हणे, आणि त्यांनीही कातरच धरली होती. आम्हाला ते पटलं होतं. न पटायला काय होतं?

"पाव्हणं, बोटांला काय झालं वं?" आबांनी घास हातात धरून विचारलं.

"कातरीनं आखाडली," आण्णा म्हणाले.

आबांनी आपले दोन्ही हात पुढं केले. दहाही बोटं सरळ. "आमीबी जलमभर कातरच धरली की," एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले. मला त्यात काही खटकलं नाही. भाजी चांगली झाली होती, सगळ्यांनी मागून घेतली, एवढंच मी बघत होते.

मंगळवारी दुपारी मामांचा फोन आला. मी हातात दुधाची नळी धरून उभी होते. मामा घसा खाकरत, इकडचं तिकडचं बोलत राहिले, तेव्हाच मी ओळखलं. शेवटी म्हणाले, "आबांच्या मनात शंका हाय. हाताची बोटं अशी रक्तपितीत वाकत्यात म्हनं." रक्तपिती म्हणजे महारोग. आमच्याकडची म्हातारी माणसं तो शब्दसुद्धा हळू आवाजात काढतात. मामा पुढं म्हणाले, "त्यांचं म्हननं एवढंच हाय, घरधन्यानं बेलभंडारा उचलावा, की आमच्या घरात तसलं काय न्हाय. मग ते दिलेला शब्द मागं घ्यायचे न्हाईत."

बेलभंडारा उचलणं म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी शपथ. तळहातावर बेलाचं पान, त्यावर खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, आणि देवापुढं उभं राहून बोलायचं. एकदा बोललं की विषय संपला, मग कुणी पुन्हा विचारत नाही. आणि खोटं बोलला तर त्याच्या घराचं वाटोळं होतं, यावर आमच्याकडं शिकल्यासवरल्यांचाही विश्वास आहे. माझाही आहे थोडा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या बापावर शंका? "सांगा त्यांना," मी फोनवर ओरडले, "येत्या रविवारी माझा बाप टाकापुढं बेलभंडारा उचलंल! या म्हणावं झाडून सगळे!" देवघरातल्या देवांच्या चांदीच्या ठशांना आम्ही टाक म्हणतो. विभागातले सगळे माझ्याकडं बघत होते. हातातल्या नळीतलं दूध सांडलं ते वेगळंच. मामांनी लगेच लोणीला निरोप कळवला. आण्णांना विचारायचं मात्र मला सुचलंच नाही. बापाला काय विचारायचं त्यात?

संध्याकाळी धाकटीला सांगितलं. तिनं पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "ताई, खरंच तसलं काही असलं तर गं?"

"येडी आहेस का? कातरीनं झालंय ते."

"आण्णा उचलतील ना?"

"का नाही उचलणार?"

ती आत निघून गेली. रात्री जेवलीही नाही. ज्या मुलासाठी तिनं दोन वर्षं एवढी कारस्थानं केली, तो आता एका म्हाताऱ्याच्या शंकेवर अडकला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि स्कूटी काढून माहेर गाठलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरत जातं, तशी मोटार पुढं न्यावी लागते. आण्णा चिखलात पाइप जोडत होते. पलीकडं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि ते बघायला आलेल्या लोकांच्या होड्या हिंडत होत्या. मी चप्पल काढून चिखलात उतरले.

"आण्णा, रविवारी लोणीचे पाव्हणे येणार आहेत. तुम्हाला बेलभंडारा उचलायचाय." आणि सगळं सांगितलं.

ते पाइपाला कपडा गुंडाळत राहिले. "त्यांना या म्हनून कुनी सांगितलं?"

"मी."

"मग तूच उचल."

"असं काय करताय? मी उचलून काय उपयोग?"

"मी उचलनार न्हाय."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. म्हटलं, तुम्हाला पोरीपेक्षा ताठा मोठा आहे. म्हटलं, तिचं लग्न मोडलं तर त्याचं पाप तुमच्या माथ्यावर. आण्णा ऐकून घेत होते. मग पाइपावर बसले, उजवा हात उपरण्याखाली घेतला, आणि म्हणाले, "कातरीचं खोटं मानसापुढं चालतं. भंडारा हातात घिऊन न्हाय चालायचं."

मी उपरण्याखालच्या त्या हाताकडं बघत राहिले.

मग त्यांनी सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. आज्याची बोटं अशीच वाकली होती. दोन्ही हातांची. जेजुरीच्या यात्रेत भेटलेल्या कुणा जाणत्यानं बघून सांगितलं, ही रक्तपिती आहे, घरादाराला लागेल. झालं. भावकी जमली. आज्याला घरातून उठवून गोठ्याच्या पलीकडं छपरात ठेवलं. वेगळं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट, वेगळा तांब्या. आण्णा तेव्हा बावीस वर्षांचे, नुकतंच लग्न झालेलं. माझी आई ताट वाढायची, आणि ती नाहीतर आण्णा ते छपराच्या तोंडाशी ठेवून मागं सरायचे. दोन उन्हाळे आज्या तिथं राहिला आणि तिथंच गेला. गावात बोभाटा नको म्हणून आजीनं कातरीची गोष्ट रचली, आणि ती सांगून सांगून सगळ्यांना खरी वाटायला लागली.

"मला करंगळी वाकाया लागली तवाच मी वळाकलं," आण्णा म्हणाले. "तुझ्या आईलाबी बोललो न्हाय. ताट मात्र माझं मीच धुतो, बघितलं असशील."

बघितलं होतं. मला वाटायचं, म्हातारपणी शहाणपण आलंय.

"तुझं पोरगं सा वर्साचं झालं. मी कवा उचाललं का त्याला?"

नव्हतं उचललं. ती अढी मी सहा वर्षं मनात धरून होते. दुसऱ्यांचे बाप नातवांना खांद्यावर घेऊन गावभर हिंडतात आणि माझा बाप लांबूनच "आला का रं" म्हणतो, यावर मी नवऱ्याजवळ किती वेळा रडले असेन. तशाच चिखलात मी मटकन खाली बसले. मग रडू आलं, आणि रडू आलं की मला पुन्हा राग येतो.

"अहो आण्णा, महारोग असला तरी आता गोळ्यांनी बरा होतो! सरकारी दवाखान्यात फुकट देतात! भिंतीभिंतीवर लिहिलंय!"

"म्हाईत हाय. पर गोळ्या आनाया गेलो की गावाला कळतं. घरात लग्नाची पोरगी."

"दहा वर्षं? दहा वर्षं तुम्ही एकट्यानं...?" मी रोज शेकडो लोकांचं दूध तपासते, थेंबाथेंबाचा हिशोब सांगते, आणि बापाचा हात कधी हातात घेऊन बघितला नव्हता. डोळे पुसून मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर बारामतीला चला. काय असेल ते असू दे. भंडारा नंतर बघू."

ते नको-नको म्हणत होते. पण मी हट्टाला पेटले की आईसुद्धा मध्ये पडत नाही.

गुरुवारी सकाळी त्यांना घेऊन मी बारामतीत एका कातडीच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर चाळिशीतले, गोल चेहऱ्याचे, बोलायची हौस असलेले. आण्णा धुतलेलं धोतर-टोपी घालून, हात उपरण्यात गुंडाळून खुर्चीच्या कडेवर बसले होते. डॉक्टरांनी आधी उपरणं बाजूला केलं. मग पाठ बघितली, पोट बघितलं, कुठं चट्टे आहेत का बघितलं. कोपराच्या आतल्या बाजूला दाबून शीर चाचपली. मग म्हणाले, "काका, आता डोळे मिटा. मी कापूस लावीन, कुठं लावला ते बोटानं दाखवा."

मला शाळेतल्या परीक्षेत कधी एवढी भीती वाटली नव्हती. डॉक्टरांनी कापसाची बारीक वात मनगटाला लावली. "हितं." अंगठ्याला. "हितं." तळहाताला. "हितं." मग करंगळीच्या टोकाला लावली आणि आण्णा गप्प. डॉक्टरांनी परत लावली.

"काका, कळतंय का?"

"कळतंय की. मगाशीबी कळलं."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, मला नुस्तं वाटतंय."

मग एका काचेच्या नळीत गरम पाणी आणि दुसरीत गार पाणी घेऊन तेही झालं. सगळी उत्तरं बरोबर. डॉक्टरांनी आण्णांचा तळहात टेबलावर पालथा ठेवला, तो सपाट टेकत नव्हता म्हणून राहिलेल्या फटीतून पेन आरपार सरकवलं, परत उलटा केला आणि वाकड्या बोटांखाली कातडीच्या आत दोरीसारखा ताणलेला कठीण पट्टा मला चाचपायला लावला. पहिल्यांदाच मी तो हात असा धरत होते. उबदार होता, खरखरीत होता.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "महारोगात शीर सुजते, बोट बधिर पडतं. इथं सगळं कळतंय. तळहातातला कातडीखालचा पडदा जाड होतो आणि बोट ओढून धरतो, एवढंच आहे. लागण होत नाही. पोराला घेतलं, जेवण वाढलं, काहीही केलं तरी कुणाला लागत नाही. आणि काका, महारोग असता तरी आपण गोळ्यांनी बरा केला असता. लपवण्यासारखं त्यातही काही नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे कसा, तर मी मोठ्यानं हसले. डॉक्टर दचकले. आण्णा मात्र हाताकडं बघत राहिले, जसा काही तो आत्ताच कुणीतरी आणून दिला होता. कुणा फ्रेंच डॉक्टरच्या नावाचा आजार आहे तो. मला ते नाव अजून धड घेता येत नाही.

"कातरीनं झालं का मग?" मी विचारलं.

"हाताच्या जड कामानं भर पडत असेल. पण मूळ बहुतेक रक्तातलं, घराण्यात चालत येणारं. तसा हा आजार उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांत जास्त. आपल्याकडं कमी, पण सापडतो."

"गोऱ्याचं आमच्या घरान्यात कुठनं आलं?" आण्णा एकदम ताठ झाले. त्यांना वेगळाच संशय आला होता.

डॉक्टर हसायला लागले. "गोऱ्यांचंही नव्हे, काका, त्याच्या फार आधीचं असू शकतं." आणि त्यांनी बाहेर पेशंट बसलेले असताना खुर्ची पुढं ओढून सांगायला सुरुवात केली. पूर्वी पृथ्वीवर माणसाचीच आणखी एक जात होती, निअँडरथल. दांडगी, रुंद हाडाची. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले तेव्हा वाटेत त्यांची गाठ पडली, एकत्र राहिले, मुलंबाळं झाली. ती जात संपून चाळीसेक हजार वर्षं झाली. पण आफ्रिकेबाहेर पसरलेल्या सगळ्यांच्या अंगात शंभरातला एखाद-दोन वाटा अजून त्यांचा आहे. याच्यात हा तुकडा, त्याच्यात तो. काही तुकडे रोगाशी लढायला उपयोगी पडले. काही नडतात. कोरोनात काही जणांना जास्त त्रास झाला, त्यामागंही त्यांच्याकडून आलेला एक तुकडा असल्याचं संशोधकांना दिसलंय, आणि तो आपल्या देशात बऱ्याच लोकांत आहे. बोटं वाकवणाऱ्या या आजाराचे काही धागेही त्यांच्याकडंच जातात म्हणे.

"पण तुमच्या बोटांत नेमकं त्यांचंच आहे का, ते रक्त तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले.

शपथेचं नाव निघाल्यावर आण्णांनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. त्या एका वाक्यानं डॉक्टर त्यांच्या मनात बसले, मला दिसलं ते. मग आण्णा म्हणाले, "डाक्टर, आमची दख्खनी मेंढरं. काळी, आखूड कानाची. येका सालाला कोकनातनं येताना दुसऱ्याच्या कळपातला माडग्याळी मेंढा आमच्यात शिरला. फुगीर नाकाचा, लांब कानाचा, तांबड्या ठिपक्याचा. दोन रोज हुता. काय करायचं ते करून गेला."

"बरं."

"त्यो मेंढा कवाच मेला. त्याचा मालकबी मेला. पर सात-आठ वेतं झाली तरी मधीच येखादं कोकरू निघायचं, सगळं काळं आनि नाक तेवढं फुगीर. आमी म्हनायचो, आला बग पाव्हना."

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "हेच! अगदी हेच! मी इतका वेळ बडबडलो त्यापेक्षा हे सोपं आहे."

"म्हंजे आमच्याबी कळपात कुनीतरी शिरलं हुतं."

"सगळ्यांच्या, काका. माझ्याही."

आण्णा हसले. दातांची फट दिसेपर्यंत हसले. मला आठवतं, त्या हसण्याकडं बघून मला वाटलं, आता रविवार येऊ दे, उद्या येऊ दे, आत्ता येऊ दे. आणि तेवढ्यात त्यांचं हसू गेलं.

"डाक्टर, माझ्या बापालाबी ह्येच असंल का?"

"न बघितलेल्या माणसाचं कसं सांगू? बोटं अशीच होती का?"

"अशीच."

"त्यांना चटका कळायचा का? गरम भांडं, गरम चहा?"

आण्णांनी टोपी सारखी केली, डॉक्टरांना हात जोडले आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, आठवत नसेल. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचं पत्र लिहून घेतलं. आजार कोणता, लागण होत नाही, सगळं त्यात. ऑपरेशन करून बोटं बरीच सरळ करता येतात, घाई नाही, असंही ते म्हणाले.

एसटी स्टँडजवळ आम्ही मिसळ खाल्ली. आण्णांनी उजवा हात उघडा टेबलावर ठेवला होता. दहा वर्षांत मी तसा बघितला नव्हता. त्यांनी तिथूनच आईला फोन केला. "न्हाय गं, तसलं काय न्हाय," एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला, कारण पलीकडं आई रडायला लागली होती आणि रडणाऱ्या बाईशी काय बोलावं हे त्यांना कधीच कळलेलं नाही. म्हणजे आईलाही माहीत होतं. दहा वर्षं दोघं एका घरात, एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती. काय म्हणावं या माणसांना!

शिफ्ट सुटायच्या वेळी मी धाकटीच्या कारखान्याच्या दारात जाऊन थांबले. शेकडो मोटारसायकली एकदम बाहेर पडत होत्या. ती दिसल्यावर मी लांबूनच हात हलवून 'नाही, नाही' अशी खूण केली. तिला वाटलं, लग्न मोडलं. ती तिथंच रस्त्यात रडायला लागली. मला धावत जाऊन सांगावं लागलं, "अगं माझे बाई, चांगलं झालंय, चांगलं!" मग ती आणखीनच रडली, आणि सगळे मोटारसायकलवाले वळून वळून बघत गेले.

रविवारी पाहुणे आले. आबा, मुलगा, त्याचे आई-वडील. मामा सगळ्यांच्या पुढं. मी डॉक्टरांचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तयार ठेवलं होतं. ते आबांपुढं धरलं. आबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "कागुद ठिवा. ह्यांच्या तोंडानं आयकायचंय." मला राग आला होता, पण त्या दिवशी मी तोंड दाबून धरलं. माझ्या बाजूनं हा मोठाच त्याग होता.

आईनं टाक पाटावर मांडले. आण्णा अंघोळ करून आले. ती दोन बोटं उघडत नव्हती म्हणून आईनं बेलाचं पान अंगठ्याच्या बाजूनं आत सरकवलं आणि त्यावर चिमूटभर भंडारा सोडला. धाकटी आतल्या दाराआड उभी होती, माझा दंड तिनं एवढा आवळला होता की नंतर दोन दिवस वळ राहिला.

"खंडेराया," आण्णा म्हणाले, "माझ्या घरात म्हारोग न्हाय. माझ्या हातात न्हाय. हे मी तुझा भंडारा घिऊन सांगतोय."

आबांनी मान हलवली. मामा नारळ उचलायला वाकले. पण आण्णांचा हात खाली आला नाही.

"आनि माझ्या बापालाबी नव्हता," ते म्हणाले. "आमी त्याला दोन वरीस छपरात ठिवलं. त्यो गरम भाकर धरायचा आनि बोटांवर फुकर मारायचा. म्हनायचा, चटका बसला रं. मला दिसायचं. आमी समदी म्हनायचो, म्हातारा सोंग करतोय, घरात घ्यावं म्हनून. सोंग नव्हतं. त्याला चटका कळत हुता. त्येबी तुझ्यापुढं सांगतोय."

आई पाटाजवळ बसली होती ती बसल्या जागी म्हणाली, "भाकर मीच वाढायची. नवी सून हुते. लांबनं ताट सरकवायची." आणि पदर डोळ्यांना लावला. माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला धाकटीच्या लग्नाची आठवणसुद्धा नव्हती.

आबा काठी टेकत उठले. मला वाटलं, निघाले. ते आण्णांपाशी आले, त्यांच्या वाकड्या बोटांमधला थोडा भंडारा चिमटीत घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. मग तोच धाकटीच्या कपाळाला लावायला म्हणून दाराकडं वळले. "पोरगी आमची," ते म्हणाले. "आनि पाव्हणं, कातर आमीबी धरली, पर येवढं खरं बोलाया आमाला जमलं नसतं." त्यांच्या नातवानं सुटकेचा निःश्वास इतका मोठ्यानं सोडला की सगळे हसले, आणि मामा लगेच म्हणाले, "मी आधीच सांगितलं हुतं, घर चांगलं हाय." आता मामांना कोण काय बोलणार?

नारळ झाला, सुपारी फुटली, तारीखही धरली. त्यानंतरची पंगत मला फार आवडली. आण्णा मधोमध बसले, उजव्या हातानं जेवले, आणि ताट धुवायला उठले तेव्हा आईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. पाहुणे गेल्यावर ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले. मी पाणी घेऊन गेले. इतक्या वर्षांत त्यांचे खांदे असे सैल पडलेले मी बघितले नव्हते.

"कसं वाटतंय आण्णा?" मी विचारलं.

"हलकं वाटतंय," ते म्हणाले. पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं. "लई हलकं वाटतंय बग. पर माझ्या म्हाताऱ्याला सांगायचं ऱ्हायलं."